येळवसची कॅसेट

मार्गशीर्ष उतरणीला लागला की माझे पाय घरात ठरत नाहीत. बायको म्हणते, "पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या? बसा की जरा." मी बसतो. दोन मिनिटांत उठून गॅलरीत जातो, खाली बघतो, परत येतो, मोबाईल उघडतो, बंद करतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून लातूरचा एक चौक दिसतो. या दिवसांत तिथं हातगाड्यांवर हरभऱ्याचे ढाळे, बोरं, ओल्या तुरीच्या शेंगा येतात आणि त्यांच्या शेजारी कुंभाराची बिंदगी. बिंदगं म्हणजे रानात आंबील न्यायचं लहान मडकं. ती लाल मडकी मांडलेली दिसली की समजायचं, येळवस आली.

कॅलेंडरवर तिला वेळ अमावस्या म्हणतात. त्या दिवशी आमचं अख्खं शहर रानात जातं. दुकानांची शटरं खाली, रिक्षा गायब, रस्त्यावर फक्त कुत्री. मी एका क्लासमध्ये गणित शिकवतो. पोर्शन कितीही मागं पडलेला असो, त्या दिवशी सुट्टी द्यावीच लागते, कारण पोरं येत नाहीत. ज्याला रान नाही त्यालाही कुणी ना कुणी जेवायला बोलावतंच. आम्हालाही बोलावणी येतात. आम्हाला रान नाही.

होतं. देवणीच्या शिवेला पाच एकर. ते माझ्या हट्टापायी विकलं, आठ वर्षांपूर्वी. गौरीचं शिक्षण होतं, हा फ्लॅट होता, आई गेल्यावर अप्पांना तिथं एकटं ठेवायचं नव्हतं. कारणं सगळी खरी होती आणि फळ्यावर उदाहरण सोडवावं तशी मी ती एकेक पायरी करत अप्पांपुढं मांडली. अप्पा म्हणजे माझे वडील. देवणीत त्यांचं कापडाचं दुकान होतं, उभा जन्म त्या गादीवर गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "झालं का तुझं सांगून?" एवढं विचारलं आणि सही केली. त्यानंतर रानाबद्दल एक शब्द नाही. रागावले असते तर मी भांडलो असतो, भांडून मोकळा झालो असतो. येळवसच्या दिवशी इष्टलिंगाची पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून ते गॅलरीत खुर्ची टाकतात आणि रिकामा चौक बघत बसतात. शेजारचे लोक भज्जीचा, म्हणजे येळवसच्या मिसळ भाजीचा, डबा ठेवून जातात, ती अप्पा खातात, चांगली झालीय म्हणतात. कुणी रानात या म्हणालं तर एकच उत्तर. "दुसऱ्याच्या रानात पाव्हणा म्हून कशाला जायचं?"

यंदा येळवसला दहा दिवस होते, तेव्हा चहा पिता पिता म्हणाले, "आपली येळवसची कॅसेट हाय की रं. ती लाव ह्या वर्सी. रान बघू."

आठ वर्षांत माणसानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. रान तर काही परत देता येत नव्हतं, पण एक दिवस ते त्यांच्या डोळ्यांपुढं आणता आलं तर आणायचंच असं मी ठरवून टाकलं. मग काय, मला बसवेना.

मामेभावानं मस्कतहून आणलेला हँडीकॅम आमच्याकडं होता. देवणीत तेव्हा तो बघायला माणसं यायची. तो आणि त्याच्या सगळ्या कॅसेटी माळ्यावर एका शर्टिंगच्या खोक्यात होत्या. खोकं उतरवलं, शिंका आल्या. आत अप्पांच्या दुकानी अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या कॅसेटी. चुलतबहीण शोभाचं लग्न. गौरीचं जावळ. दिवाळी. येळवस. मी खोकं पुन्हा पुन्हा उपसलं. येळवसची एकच कॅसेट होती. दिवाळीचीही एकच.

"अप्पा, बाकीच्या येळवसा कुठायत? दहा वर्षं तरी काढलं आपण शूटिंग."

"एकच हाय. येळवसचं येळवसमदीच घालायचं."

मला समजायला थोडा वेळ लागला. दुकानात अप्पांचा एक नेम होता. जिन्नस तिथं खण. धोतराच्या खणात धोतरं, लुगड्याच्या खणात लुगडी, नवा माल आला तरी त्याच खणात. कॅसेटीवर एकदा येळवस लिहिलं म्हणजे तो येळवसचा खण झाला. दरवर्षी कॅसेट मागं गुंडाळून सुरुवातीपासून त्याच्यावर नवी येळवस भरायची. जुनी पुसली जाते हे त्यांच्या गावीच नव्हतं, आणि मी, शिकलेला, गणिताचा सर, मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. नव्वद मिनिटांच्या फितीवर दहा येळवसा एकमेकींच्या अंगावर घातलेल्या.

मी मनातल्या मनात मांडून बघितलं. शेवटच्या वर्षीची येळवस सगळ्यात वर. ती जिथं संपते तिथून पुढं त्याआधीच्या लांब येळवसची शेपटी, ती संपली की आणखी जुनीची. जितकं पुढं जावं तितकं जुनं. म्हणजे काहीतरी उरलेलं असणार. पण रान उरलेलं असेल का, याचा मला भरवसा नव्हता, आणि त्याचं कारण मी अप्पांना सांगितलं नाही.

कारण असं. येळवसला जेवणाआधी रानाला चक्कर मारतात. धनी पुढं, हातात आंबील, ती पिकावर शिंपडत चारी बांधांवरून जायचं आणि कानडी आरोळी द्यायची. तिचा अर्थ आमच्यात कुणालाच धड सांगता येत नाही. मागं घरातला एक माणूस बिंदगं घेऊन चालतो, त्यानंही आरोळी द्यायची. तो माणूस मी असायला हवा होतो. पण मी कॅमेऱ्यावर असायचो. कडब्याची कोप म्हणजे खोपी, तिच्यात चुना लावून पूजलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, जेवणाची पंगत, कुणाचं लेकरू हरभरा उपटतंय, हे सगळं मी काढायचो. अप्पा चकरेला निघाले की, "बॅटरी वाचवतो" म्हणून कॅमेरा बंद. आणि मी कोपीत, सावलीला. बांधावरून ओरडत फिरायची मला लाज वाटायची. अप्पांच्या मागं चुलतकाका जायचे.

तेव्हा अप्पांना जे बघायचं होतं, ते मीच दरवर्षी न चुकता बंद केलं होतं.

पुण्याला नोकरी करणाऱ्या गौरीनं फोनवर सगळी रीत समजावली. हँडीकॅमची लाल-पिवळी-पांढरी वायर एका छोट्या डबीत, डबी लॅपटॉपला. "बाबा, आधी सगळं जसंच्या तसं उतरवून घ्या. मधेच थांबवू नका, कापाकापी नंतर. आणि तीन प्रती करायच्या, त्यातली एक घराबाहेर ठेवायची." मी डबी मागवली. ती येईपर्यंत दोनदा फोन करून कुठपर्यंत आली विचारलं. तपासून बघू म्हणून आधी दिवाळीची कॅसेट घातली. हँडीकॅमनं घर्रर्र केलं आणि फीत चावून ठेवली. आमची एकुलती एक दिवाळी त्याच्या दातांतून मी चिमट्यानं ओढून काढत होतो. अप्पा दारात उभे.

"काय करायलास रं?"

"काही नाही."

नांदेडला एक जुने दुरुस्तीवाले आहेत असं कुणीतरी सांगितलं. खलीलभाई. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली. गाडीत समोरच्या सीटचा दांडा धरून मी जणू गाडी ढकलत होतो. बाहेर तुरी पिवळ्या पडलेल्या, करडई हिरवीगार, जागोजागी माणसं कोप घालायला कडब्याच्या पेंढ्या ओढत होती.

खलीलभाईंचं दुकान म्हणजे एक टेबल आणि त्याच्याभोवती रेडिओ-टीव्हींची उतरंड. त्यांनी हँडीकॅम उघडला, आतला रबराचा पट्टा चिमटीत धरून दाखवला. चिकट झाला होता. मग येळवसच्या कॅसेटीची झाकणी उचलून उजेडात धरली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी.

"सर, ये लई नाजूक मामला है. साफ करतो, पट्टा बदलतो. पण एकदाच चालंल असं समजा. मागं-पुढं करायचं नाही, थांबवायचं नाही. बुरशीनं पदर सुटलाय."

"किती दिवस?"

"येळवसच्या आदल्या दिवशी या."

"त्याआधी नाही का होणार? दुप्पट... म्हणजे, काही तरी लवकर..."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "सर, नव्वद मिनिटाची टेप उतरायला नव्वदच मिनिटं लागतात. तिथं काय करणार तुम्ही?"

आयुष्यभर मी पोरांना एक गणित दोन मिनिटांत कसं उडवायचं ते शिकवत आलो.

येळवसच्या दिवशी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात आठपर्यंत डब्यांचा, चपलांचा, लेकरांचा गलका होता. नऊला सगळं गार. बायकोनं तरीही भज्जी केली होती. हरभरा, तूर, वाल, चिंचेचा कोळ, बेसन. तिचा वास घरभर. आंबिलीला लसणाची फोडणी बसली. मी बैठकीत लॅपटॉप मांडला, आदल्या दिवशी नांदेडहून आणलेल्या हँडीकॅमच्या वायरी जोडल्या, अप्पांना खुर्ची दिली आणि देवाचं नाव घेऊन कळ दाबली. लॅपटॉपवर लाल टिकली लागली, फाईल भरायला लागली. आता नव्वद मिनिटं हात लावायचा नव्हता.

पहिली तीस मिनिटं शेवटची येळवस. गौरी सातवीतली, दोन वेण्या. आणि मी. बायकोनं कॅमेरा धरला की मी पडद्यावर येतो आणि मनगटावरचं घड्याळ बघतो. पुन्हा येतो, पुन्हा घड्याळ. "चला, आटपा, उशीर होतोय," हा माझाच आवाज. पडदा लुकलुकला, गौरी एकदम बुटकी झाली, दुसरी येळवस. त्यात मी जाडा मफलर घातलेला, "चला, चारला क्लास आहे." पुन्हा लुकलुक. गौरी बायकोच्या कडेवर. "चला, उन्हाचं निघू." पोरगी प्रत्येक येळवसला लहान होत गेली आणि मी आपला तेच म्हणत होतो. बायको दाराच्या चौकटीला टेकून हसत होती. मला हसू येईना. कोप दिसली, पंगत दिसली, पाच पांडव दिसले. अप्पा आंबिलीचा तांब्या घेऊन उठताना दिसले की चित्र बंद. दर वेळी. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी अप्पांकडं बघितलं नाही.

तासाभरानं आई दिसली. आमची अव्वा. परातीतले बाजरीचे उंडे फडक्यानं झाकत होती. अप्पा खुर्चीत थोडे पुढं सरकले, तेवढंच. कॅमेरा अगदी जवळ आला तशी ती म्हणाली, "मला काय काढतोस? जा, आज तुजा काका न्हाई आला, अप्पाच्या मागं तू जा." मग माझा वैतागलेला आवाज, "अगं पण दोनची गाडी..." आणि चित्र गेलं.

काळं. एक मिनिट काळं. मग पडद्यावर काहीतरी घुसळायला लागलं. तपकिरी, हिरवं, वर चप्पल, खाली आभाळाचा तुकडा. सगळं उलटं. घाईत बंद करताना मी कळ दोनदा दाबली असणार, कॅमेरा चालूच राहिला होता आणि पट्ट्यानं माझ्या हाताला लोंबकळत होता. हा कचरा आहे, इथं संपलं, असं मला वाटलं. माझं बोट कळेवर गेलं.

"थांब," अप्पा म्हणाले. "रान हाय ते आपलं."

"अप्पा, नुसती माती दिसतेय."

"मातीच हाय. नंदीवाल्याच्या रानाकडचा बांध हाय ह्यो. ते बघ कुंद्याचं गवत."

लॅपटॉप टीव्हीला जोडलेला नव्हता. चित्र फिरवायला सॉफ्टवेअर असतं, पण चालू कामात हात घालायची माझी छाती झाली नाही. मग मी जे सुचलं ते केलं. लॅपटॉप उचलला आणि वायरी न ओढता उलटा धरला, अप्पांच्या समोर. रान सुलटं झालं. मी आडव्या हातांनी तसाच उभा. मला पडदा दिसत नव्हता, फक्त अप्पांचं तोंड दिसत होतं, आणि आवाज ऐकू येत होता. ढेकळांवरून चालणारी चार पावलं. पन्नाशीतल्या अप्पांची खणखणीत आरोळी. आंबील पानावर पडल्याची सळसळ.

"करडई टोचली बघ तुला," अप्पा म्हणाले. लगेच लॅपटॉपमधून माझं विव्हळणं आलं. "आता वळलो. हिरीकडचा बांध. हितं काळी भेग पडायची, त्यात तुज्या अव्वाचं जोडवं गेलतं." मग म्हणाले, "हरभरा लई दाट हुता त्या वर्सी." ते बोटानं हवेत जागा दाखवत होते. पायाखालच्या मातीवरून त्यांना सगळं कळत होतं. माझे हात भरून आले, खांद्यात कळ निघाली. बायको धरायला पुढं आली, मी मानेनं नको म्हणालो. आयुष्यात इतका वेळ मी कधी एका जागी न हलता उभा राहिलो नव्हतो.

तिसरा बांध सुरू झाला तेव्हा आरोळीच्या मागं आणखी एक आवाज आला. बारीक, लाजलेला, अर्ध्यातच गिळलेला. तो माझा होता. मी कधी ओरडलो होतो हे मला आठवतच नव्हतं. अप्पांनी डोळे मिटले.

"वळ आता," ते म्हणाले, आणि त्याच क्षणी खट्ट झालं. फीत संपली होती.

मी लॅपटॉप खाली ठेवला. फाईल भरली होती, पूर्ण. इतकी लांब चाललेली ती एकच येळवस, म्हणून तिच्या शेपटीवर पुढच्या कुठल्याच येळवसचा पाय पडला नव्हता. मला अप्पांना हे समजावून सांगायचं होतं. त्याऐवजी तोंडातून वेगळंच निघालं.

"अप्पा, रान विकायला नको होतं. माझं चुकलं."

अप्पांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. "इकलं ते इकलं. त्याचं न्हाई वाटत मला. तू एकदा बी मागं आला न्हाईस, ते लागलं हुतं जिवाला. आपलं रान एकदा बी न फिरता इकलं पोरानं, असं वाटायचं." चष्मा चढवून त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "मीच इसरलो हुतो. आलतास की."

मी गॅलरीत गेलो. बिल्डिंगमध्ये कुणीच नव्हतं ते बरं झालं.

परत आत आलो तर अप्पा चपला घालून उभे. "चौथा बांध ऱ्हायला. तसा उघडा ठिवून जमत न्हाई."

"अप्पा, तिथं आता प्लॉटिंग झालंय."

"झालं असंल. बांध कुठं जातोय?"

बायकोनं न विचारता आंबील स्टीलच्या डब्यात भरली. आम्ही दोघे गाडीनं निघालो. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंच्या रानांतून धूर आणि माणसं. दीड-दोन तासांची वाट. देवणी आली तसं त्यांनी एक वळण सांगितलं, मग दुसरं. मला ती वाट आठवत नव्हती.

रानात सिमेंटचे रस्ते होते आणि एकही घर नव्हतं. गवत वाढलेलं. प्लॉटांच्या कोपऱ्यांवर चुना फासलेले, आकडे घातलेले दगड. अप्पा एका दगडाजवळ थांबले, वाकून बघितलं. "चुना तरी लावलाय," म्हणाले, आणि त्याच्यावर आंबिलीचे चार थेंब टाकले. मग सगळ्या बाजूंना मान फिरवून, विहीर होती तिकडं बघून त्यांनी जागा पक्की केली. उगवतीकडचा बांध. आता तिथं कमरेइतकी भिंत होती आणि भिंतीपलीकडं कुणाचंतरी रान, ज्वारी उभी, तिच्यापल्याड माणसांचे आवाज.

अप्पा पुढं, मी डबा घेऊन मागं. त्यांनी आंबील शिंपडली आणि आरोळी दिली. आवाज फुटलाच नाही, नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा तेच. ते थांबले, मागं वळले नाहीत. माझ्या खिशात मोबाईल होता. तो काढून हे सगळं टिपून ठेवावं, तीन प्रती कराव्यात असं क्षणभर वाटलं. मोबाईल काढला असता तर डबा कुठं ठेवणार होतो? मी छाती भरून घेतली आणि ओरडलो. पंचावन्न वर्षांचा मी. आवाज चिरकला, पण गेला.

भिंतीपलीकडून ज्वारीतून कुणीतरी तीच आरोळी परत दिली. कोण होतं ते दिसलं नाही. अप्पा चालायला लागले. मग शेवटच्या दगडापर्यंत मीच ओरडत गेलो आणि तिकडून उत्तर येत राहिलं.

कोपऱ्यावर अप्पांनी डब्यातली उरलेली आंबील ओतली, हात झटकले. "झालं," म्हणाले. "चल आता, उशीर हुतोय तुला."

"न्हाई हुत," मी म्हणालो. "बसू की जरा."

आम्ही त्या चुन्याच्या दगडापाशी गवतात बसलो.